बहात्तर पायऱ्या

धाकटीला चार मजले चढायचे होते, एवढंच. चौथ्या मजल्यावर तिची थोरली बहीण राहायची, ताई, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईचा खुबा गेलेला. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून धाकटीचा डावा गुडघा गेलेला. एकाच शहरात राहून दोन वर्षं दोघींची भेट नाही.

"फोनवर रोज दिसतेच की मावशी," मुलगा म्हणायचा. दिसते, डोंबल! फोनवर दिसायचं ताईचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. धाकटीला ताईच्या पुढ्यात बसून वेणी घालून घ्यायची होती. साठी उलटलेल्या बाईने हे सांगायचं तरी कुणाला? गेल्या वर्षी डावं मनगट मोडलं तेव्हापासून तिला स्वतःची वेणी जमत नव्हती, आणि सुनेने घातलेली दुपारपर्यंत सुटायची. सकाळी कंगवा हातात घेतला की ताई आठवायची. मुलाने मावशीला खुर्चीत बसवून उचलून आणायचा घाट घातला, तर ताई फोनवर कडाडली, "मी काय कपाट आहे?"

शेवटी धाकटीच जिममध्ये गेली. दाराशी तीनच पायऱ्या होत्या, तेवढ्यातही तिला धाप लागली.

पहिला ट्रेनर आला तो दंड फुगवतच. "काकू, तीन महिन्यांत दहा किलो कमी!"

"ते राहू दे रे. चार मजले चढवशील का?"

"आधी वजन," असं म्हणून त्याने फॉर्मवर खूणही केली. दुसरा फार गोड बोलायचा. त्याने तिला खुर्चीत बसवलं, हात वरखाली करायला लावले आणि म्हणाला, "या वयात जपायला हवं." धाकटी म्हणाली, "बाबा, जपण्यातच दोन वर्षं गेली," आणि उठली.

कोपऱ्यात एक बुटकी, पिकल्या केसांची बाई व्यायामाच्या चटया पुसत होती. सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. ती पुसता पुसताच म्हणाली, "पायरी केवढी उंच आहे? कठडा कुठल्या हाताला?"

धाकटी थबकली. आजवर डॉक्टरनेसुद्धा हे विचारलं नव्हतं. आपली बाई सापडली, हे तिला तिथेच कळलं. तिला स्वतःला काही आठवेना, तिने लगेच ताईला फोन लावला.

"अठरा चोक बहात्तर," ताईने एका दमात सांगितलं. "पायरी वीतभर. कठडा उजव्या हाताला. तिसऱ्या मजल्याखाली एक पायरी फुटलीय, जपून."

चार महिने घाम गाळला. मास्तरणीने वीतभर उंचीचं खोकं ठेवलं, उजव्या हाताला दांडी लावली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. एकदा धाकटी खोक्यावर बसून ढसाढसा रडली. मास्तरणीने पाणी दिलं, वाट पाहिली आणि म्हणाली, "झालं रडून? अजून दहा चढ राहिलेत."

ठरल्या दिवशी सकाळी धाकटी आणि मास्तरीण ताईच्या इमारतीत शिरल्या. धाकटीने वर पाहिलं आणि ती पहिल्या पायरीशीच थांबली. कठडा डाव्या हाताला होता. उजवीकडे नुसती सपाट भिंत.

डाव्या हाताने तर पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता. "ताईला डावं-उजवं कळत नाही का गं? म्हणे वर्गात पहिली यायची!" ती चिडून बोलली. चार महिने पाण्यात. ती मागे फिरली.

मास्तरणीने कठडा हलवून पाहिला. "सरळच चढलं पाहिजे, असं कुणी सांगितलं? कठड्याकडे तोंड करा. धरा दोन्ही हातांनी. उजवा पाय वर, डावा त्याच्याशेजारी. चला."

धाकटी खेकड्यासारखी आडवी चढू लागली. मागे मास्तरीण. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चढायचं. तिसऱ्या मजल्याखालची पायरी खरंच फुटलेली होती. पाऊण तास लागला.

ताई वॉकर धरून दारात उभी होती. केवढीशी झाली होती! धाकटीला रडूही आलं आणि रागही. तोंडातून रागच निघाला.

"कठडा डाव्या हाताला आहे, बये!"

"काहीतरीच," ताईने जिन्याकडे बोट केलं. "हा काय, उजव्या हाताला. रोज उतरते मी."

"तू? कधी?"

"दुपारी, पडल्या पडल्या. बहात्तर उतरायच्या, कोपऱ्यावर वळायचं, तुझ्या दाराशी यायचं. तू दार उघडायच्या आत कधी कधी डोळा लागतो."

धाकटी आत शिरली. ताईला धरून तिने पलंगावर बसवलं, स्वतः स्टूल ओढून तिच्याकडे पाठ करून बसली आणि केसांतली पिन काढली. ताईची बोटं केसांत शिरली, तिने तीन पेड घातले, घट्ट, दुखेल इतके घट्ट. धाकटी डोळे मिटून रडत होती आणि ताई लहानपणीसारखीच दटावत होती, "मान हलवू नकोस."

वेणी संपत आली तशी ताईने दारातल्या मास्तरणीकडे पाहिलं.

"बाई, खुबा गेलेल्यांना शिकवता का हो तुम्ही?"

"काय करायचंय?"

"उतरायचंय."

मास्तरणीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"शिकवते. जिना बघितलाय मी. कठडा उजव्या हाताला आहे."