खुरं तासायची सुरी

दगडाबाईच्या लेकाला सुऱ्यांचं याड लागलं त्याला आता सहा वर्षं झाली. कुणाला दारूचं लागतं, कुणाला पत्त्याचं. त्या मानानं हे बरंच म्हणायचं. पण सुऱ्या विकत घ्यायच्या, त्यांना तेल चोळायचं, मखमलीच्या डब्यात निजवायचं आणि भाजी मात्र बायकोनं पन्नास रुपयाच्या चाकूनं चिरायची, असलं याड दगडाबाईनं सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

हा लेक, रामेश्वर, बिडकीनकडच्या एका नव्या कारखान्यात कामाला. लोखंड किती कडक आहे ते मशीनवर मोजायचं, हे त्याचं काम. घर छावणीच्या पलीकडं पडेगावात, दुसऱ्या मजल्यावर. बाप खंडेराव वारल्यावर त्यानं आईला इथं आणलं. मेंढरं धाकटा दीर सोनाजी याच्या वाड्यात मिसळली. वाडा म्हणजे काही भिंतीदरवाजाचा नव्हे. पडीक रानात जाळी लावून मेंढरं बसवतात तो. आज या रानात, महिन्यानं त्या रानात.

दगडाबाईचं जगणं आता एवढंच उरलं होतं, की महिन्यातनं दोनदा सोनाजीचा फोन यायचा, "वहिनी, खुरं वाढलीत, या." मग ती आपली सुरी फडक्यात गुंडाळून निघायची. मेंढरू पालथं करून गुडघ्यात धरायचं, वाढलेलं खूर तासायचं, आतला कुजका भाग नेमका काढायचा आणि जितं मांस सुरू होतं तिथं हात थांबवायचा. पंचक्रोशीत हे काम तिच्यासारखं कुणाला येत नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नव्हती. नुसतं भेटायला म्हणून जाऊन बसणारी बाई ती नव्हे. काम आहे तर जाणार. नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतनं समोरच्या गॅलरीकडं बघत बसणार.

वाड्यावरची एक रीत होती. खूर तासताना ज्याच्या हातनं रगत निघालं, त्यानं सुरी खाली ठेवायची आणि त्या सालात परत उचलायची नाय. रीत उगीच नव्हती. जखमेत चिखल गेला की जनावर लंगडतं, आणि लंगडं जनावर वाड्याबरोबर चालत नाही. मागल्या साली सोनाजीची सून, त्याच्या सुदर्शनची बायको मोनिका हिच्या हातनं असं झालं, तेव्हा दगडाबाईनंच सगळ्यांदेखत तिच्या हातातली सुरी काढून घेतली होती. "पोरी, ही काय काकडी हाय का?" असंही म्हणाली होती. मोनिका रडली. दगडाबाईला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तर भादव्यातला रविवार. रामेश्वरचे दोन सोबती घरी आले. एक आप्पासाहेब, पैठण रस्त्यावर जमीन असलेला, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला. त्याच्या घरी काचेच्या कपाटात चाळीस सुऱ्या. दुसरा शिवराज, एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात आचारी. तिघांनी टेबलावर फडकं अंथरलं, त्यावर सुऱ्या मांडल्या आणि भांडायला बसले. कुठली कंपनी उगीच डोक्यावर चढवून ठेवलीय, यावर.

"राउटेनबर्ग," शिवराज म्हणाला. "नुसतं नाव. डब्बा भारी, आत काय? दोन दिवसांत धार जाती."

"तुला ठेवता येत नाही, शिवराजराव." आप्पासाहेब चिडले. "जर्मन माल आहे तो. नावं ठेवायचीच असतील तर तुमच्या जपानी मिझुताकेला ठेवा. जरा हाड लागलं की टवका."

"हाडावर कोण मारतंय मिझुताके? ती काय सत्तूर हाय? आन् आप्पासाहेब, खरं सांगा, तुमच्या राउटेनबर्गनं आजवर काय कापलं?"

"कागद कापलाय. असा सर्रकन."

"कागद! मग कैची घ्यायची ना, चाळीस रुपयाला मिळती औरंगपुऱ्यात."

"हातावरचे केसपण काढलेत."

हे मात्र दिसतच होतं. तिघांचेही डावे हात मनगटापासून कोपरापर्यंत भादरलेले होते. दगडाबाई दारात बसून लसूण सोलत होती. तिला राहवलं नाही.

"तीन तीन बाप्ये," ती म्हणाली, "आन् तिघांचं मिळून एक वांगं चिरून होईना. खूर तासून दाखव म्हणावं त्या जर्मनीवाल्याला."

शिवराज हसत सुटला. आणि तेव्हा रामेश्वर उठला. आत गेला, आईच्या पेटीतनं फडकं आणलं आणि टेबलावर सोडलं.

"ही बघा. मपल्या मायची. बिडकीनच्या मोतीराम लोहारानं घडवलेली. चाळीस वर्षं झाली. तुमच्या सगळ्या कंपन्या हिच्यापुढं पाणी भरतील."

आखूड पातं, टोकाशी वाकडं, काळपट, जागोजाग डाग पडलेलं. बाभळीची मूठ. मोतीराम मरून बारा वर्षं झाली होती. त्याच्या लेकांनी भाता मोडून गाड्या धुवायचं दुकान टाकलं होतं.

दगडाबाईच्या हातातला लसूण हातातच राहिला. हा तोच पोरगा, जो शाळेत असताना बापाच्या घोंगडीचा वास येतो म्हणून बापाला फाटकाबाहेर थांबवायचा. आज तो परक्यांपुढं छाती काढून 'मपल्या मायची' म्हणत होता.

आप्पासाहेबांनी सुरी उचलली, अंगठ्यानं चाचपली. "चीज आहे, मावशी. पण धार काही दिसत नाही. कागद जाईल का हिनं?"

धार होती. पण ती खुराची धार, कागदाची नव्हे. हे दगडाबाई सांगणार होती. तेवढ्यात रामेश्वर तिच्याकडं बघून म्हणाला, "माय, जरा मशीनवर लावू का? दाखवतोच यांना."

गॅलरीत त्यानं टेबलाला कसलेलं छोटं ग्राइंडर होतं. ती सुरी चाळीस वर्षांत दगड आणि पाणी यांखेरीज कशालाही लागलेली नव्हती. नाय म्हणायला एक शब्द पुरला असता. पण सगळे तिच्याकडं बघत होते, लेक कौतुकानं बघत होता, आणि असलं बघणं तिच्या वाट्याला पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता.

"लाव," ती म्हणाली.

मशीन ओरडायला लागलं. ठिणग्या उडाल्या. पाणी जवळ नव्हतं, आणि आणायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. दिवसभर लोखंडाचा कडकपणा मोजणाऱ्याला सुद्धा नाही. चार माणसं बघायला असली की शिकलेलं सगळं कुठं जातं कोण जाणे. डाग गेले. पातं चांदीसारखं झालं. आणि धारेलगत, टोकापासून मुठीपर्यंत, पारव्याच्या मानेवर असते तशी निळी-जांभळी झाक उमटली.

लोहार तापलं पातं पाण्यात बुडवून कडक करतो, त्याला पाणी देणं म्हणतात. ते पातं पुन्हा कोरडं तापलं की दिलेलं पाणी उतरतं, आणि मग ते पातं नुसता पत्रा. निळा रंग दिसला की समजायचं, संपलं.

रामेश्वरनं कागद धरला. सर्रकन दोन तुकडे. आप्पासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! राउटेनबर्ग खाली!" रामेश्वरचं तोंड असं फुललं होतं की बघत राहावं.

शिवराज तेवढा हसत नव्हता. तो रोज सुरी चालवून पोट भरणारा माणूस. जाताना चपला घालायच्या निमित्तानं तो तिच्यापाशी वाकला.

"मावशी, पाणी गेलं हो तिचं."

"दिसलं मला."

"रामेश्वरला सांगायचं का?"

"खुश हाय तो. राहू दे."

बुधवारी सोनाजीचा फोन आला. वाडा बिडकीनजवळच्या पडीक रानात बसला होता, चिखलानं साठ मेंढरांची खुरं कुजायला लागली होती. "वहिनी, सुरी घेऊन या. दोन दिवसांत वाडा हलवायचाय. सुदर्शन म्हणतो, मोनिकाला दुकानातला कात्रीसारखा खूरकापा आणून दिलाय, ती करंल. मी म्हणलं, थोरल्या वहिनी हाईत तवर काहून?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. सुरी बिघडली भाऊजी, एवढंच. पण मग मोनिकाच्या हातात काम गेलं असतं. दगडाबाई म्हणाली, "येते."

त्या दिवशी सांजेपर्यंत तिनं पातं दगडावर घासलं. पाणी टाकून, हळूहळू, निळं जाईस्तोवर. वरचं निळं गेलं, आतलं मऊपण कुठं जाणार. नखावर टेकवली की धार बोलायची नाही, नुसती घसरायची.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरला सुट्टी होती. तो तिला भल्या सकाळी गाडीवरनं वाड्यावर घेऊन आला आणि आल्याबरोबर सुदर्शनला सांगायला लागला. "मायच्या सुरीला अशी धार लावलीय, कागद जातो कागद. आप्पासाहेबांचा जर्मन माल हरला." सुदर्शन आपला मान हलवत होता. त्याला साठ मेंढरांचं पडलेलं.

पहिलं मेंढरू तिनं गुडघ्यात घेतलं. पहिलं खूर तासून निघालं. दुसरं निघालं. तिसऱ्याला धार लोळली, एका बाजूला दुमडली. दगडाबाईला ते डोळ्यांनी दिसायच्या आधी तळहाताला कळलं. तिनं सुरी दगडावर ओढली, पुन्हा लावली. चौथ्या खुरात घट्ट चिखल होता. सुरी सरकेना. थांबायला हवं होतं. पण मोनिका चार हातांवर उभी होती, खूरकापा हातात घेऊन, आणि बघत होती. दगडाबाईनं जोर दिला.

सुरी निसटली. मेंढरानं पाय झाडला. खुराच्या बेचक्यातनं रगताची धार तिच्या लुगड्यावर आली.

सोनाजीनं हळद आणली, मेंढराच्या पायाला दाबली, वर फडकं बांधलं, आणि वहिनीकडं बघायचं टाळून तो त्या फडक्याची गाठ उगीच पुन्हा पुन्हा आवळत बसला.

रामेश्वर पुढं आला. त्यानं तिच्या हातातनं सुरी घेतली, उजेडात धरून पाहिली. लोळलेली धार त्याला दिसली असणार, असं दगडाबाईला क्षणभर वाटलं. रोजचं कामच ते त्याचं. पण त्यानं फक्त तिचा हात हातात घेतला आणि उलटासुलटा केला.

"माय, हात थरथरतोय काय गं तुझा?" तो हळूच, मायेनं म्हणाला. मग सोनाजीकडं वळून, "वय झालं, काका. मीच बोलायला पायजे होतं. डोळ्यालापण कमी दिसतं तिला."

दगडाबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. या जिभेनं तिनं सासूला गप्प केलं होतं, तलाठ्याला पळवलं होतं, एका सभापतीला बिडकीनच्या बाजारात घाम फोडला होता. आता एकच वाक्य पुरलं असतं. पण मग सुदर्शननं सुरी हातात घेऊन पाहिली असती. साऱ्या भावकीत झालं असतं, की खंडेरावाच्या शिकलेल्या पोरानं स्वतःच्या आईची सुरी भाजली, कागद कापायला. आणि 'लाव' कोण म्हणालं होतं?

"व्हय," ती म्हणाली. "हात थरथरला."

"सुरी ठेवते," असंही ती म्हणाली. कुणी म्हणायच्या आधी तिनंच म्हटलं. तेवढं तरी तिचं राहिलं.

मोनिका पुढं आली. मागल्या सालचं ती काहीतरी बोलेल, म्हणून दगडाबाई वाट बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण तरी झालं असतं. पण मोनिका म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बसा सावलीत," आणि मेंढरू ओढून कामाला लागली. कट, कट, कट. एका खुराला तीन चिमटे. हात नीट थांबवत होती, जितं मांस सुरू होतं तिथंच. चांगलं करत होती. दगडाबाईनं चुका शोधून पाहिल्या, एकही सापडली नाही.

रामेश्वर मोबाइल घेऊन तिच्या बाजूला उकिडवा बसला. "माय, खुरासाठी बाहेरच्या देशात खास सुऱ्या करतात. ही बघ. लोक म्हणतात एक नंबर, काही लोक म्हणतात उगीच नाव झालंय. शिवराजला विचारतो. मागवू तुला?"

"कुणासाठी?" ती म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं नाही. तो वाचत होता.

सुदर्शन लगबगीनं आला. शेजारच्या मळ्यातनं त्यानं लाल प्लास्टिकची खुर्ची मागून आणली होती. लिंबाखाली जागा सपाट करून ठेवली, रुमालानं पुसली. "मोठी माय, बस." चहा आला तो कपबशीत. बाकी सगळे स्टीलच्या पेल्यात पीत होते, जमिनीवर, मेंढरांत, लेंड्यांत. चहात साखर लई होती, पाहुण्याला घालतात तशी.

ती बसली. खुर्चीचा एक पाय मऊ मातीत रुतला आणि ती थोडी कलली. रामेश्वरनं चटकन दंडाला धरलं.

खंडेराव होता तेव्हा या वाड्यावर ती बाळंतीण झाली होती. पावसात रात्र रात्र उभी राहिली होती. लांडगा हाकलला होता. बसायला कुणी काही दिलं नव्हतं आणि तिनं मागितलं नव्हतं.

सोनाजी हात धुऊन आला, जरा लांबच उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

"वहिनी," तो म्हणाला, "ऊन चढायच्या आत निघता का? रस्त्याला टरका लई असतात दुपारच्या."

दगडाबाईनं कपबशी खाली ठेवली. एक मेंढरू येऊन बशीला तोंड लावायला लागलं. तिनं त्याला हाकललं नाही.

"निघतेच," ती म्हणाली.