पाण्याबाहेरचा सराव

मास्तरांनी बाहुल्याच्या काखेत हात घालून त्याला तलावाच्या काठावर ओढून घेतलं, तोंडातली शिट्टी काढली आणि धापा टाकत म्हणाले, "बघितलंत? भिजलेला माणूस असा जड होतो. त्यातून हे आमचे जावईबापू."

वर्ग हसला. बाहुला रबरी होता, पुरुषभर उंचीचा. त्याचे सगळे लाड इतरांनी पुरवायचे आणि त्यानं स्वतः बोटही हलवायचं नाही, म्हणून खलाशांच्या कुठल्याशा जुन्या तुकडीनं त्याला जावईबापू करून टाकलं होतं. जहाजावरून माणूस समुद्रात पडला तर त्याला परत कसं आणायचं, हे शिकवता शिकवता मास्तरांचे केस पिकले होते.

आजची तुकडी जुन्याजाणत्यांची होती, नोकरी करता करता उजळणीला आलेली. मास्तर त्यांना बजावत होते. पाणी वरून मऊ दिसतं, तसं ते नसतं. थंड पाण्यात पडताक्षणी श्वास अडकतो, हातपाय ऐकेनासे होतात, पट्टीचा पोहणाराही बघता बघता गळून जातो. जहाज काही सायकल नव्हे, ब्रेक दाबला की थांबायला. ते वळून येईपर्यंत लाटांमध्ये एवढंसं डोकं शोधत बसायचं.

मागच्या बाकावर त्यांची मुलगी बसली होती. ती मोठ्या मालवाहू जहाजावर अधिकारी. तिनं हेच प्रशिक्षण याच तलावात घेतलं होतं आणि केंद्रात ती वडिलांना इतरांसारखंच 'सर' म्हणायची. तिची नेमणूक झाली तेव्हा मास्तरांनी गल्लीतल्या माणसांना थांबवून थांबवून सांगितलं होतं. आता ती मुदतीआधीच परत आली होती. पाठ धरलीय, असं घरात सांगितलं गेलं. ती डॉक्टरकडे जायची, उरलेला वेळ खोलीत पडून असायची. बसून बसून पाठ आणखी आखडेल म्हणून मास्तरांनी आज तिला बरोबर आणलं होतं.

"सर, एक विचारू?" तुकडीतला आचारी म्हणाला. थोराड, कमी बोलणारा माणूस. "आमच्या जहाजावरून एक जण गेला. पडला नव्हता. आपणहून गेला. त्याचं काय करायचं?"

हसू विरलं. मास्तरांना हा प्रश्न नवा नव्हता. दर वर्षी कोणीतरी विचारायचं आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"त्यावर काय शिकवणार? असली माणसं दर्यावर टिकत नाहीत. मुळात येतच नाहीत."

आचाऱ्यानं मान खाली घातली. मास्तर बाहुल्याकडे वळले.

"येतात, बाबा."

मास्तर थांबले ते शब्दांपेक्षा त्या 'बाबा'मुळे. मुलगी उभी राहिली होती. तिनं दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरली होती.

ती वर्गाशी बोलली, वडिलांकडे न बघता. कारण असं एक नव्हतं, म्हणाली. झोप तुटत गेली, मग जेवण नकोसं झालं, मग माणसं. कामात चूक होत नव्हती, त्यामुळे कोणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. घरून फोन आला की बाबा विचारायचे, "काय म्हणतेय आमची ऑफिसर?" आणि ती म्हणायची, "एकदम मजेत." त्यांच्या आवाजातला तो आनंद मोडायचं तिच्या जिवावर यायचं. काम संपलं की ती जहाजाच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहायला लागली.

"पाण्यात पडल्यावर काय होतं ते मला या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं," ती म्हणाली. "लहानपणापासून ऐकत आले. तरी एक दिवस खाली बघितलं आणि पाणी मऊ वाटलं. खरंच मऊ, अंथरुणासारखं. तेव्हा घाबरले मी. म्हटलं, आता आपलं डोकं आपल्याशी खोटं बोलतंय."

ती कठड्यापासून मागे सरली होती आणि तशीच जिने चढून कप्तानाकडे गेली होती. कप्तान चहा पीत होता. ती त्याला म्हणाली, माझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत, मला एकटीला ठेवू नका. कप्तानानं कप खाली ठेवला आणि तिला खुर्ची दिली. तिथून बंदर येईपर्यंत कोणी ना कोणी तिच्या सोबत होतं. कोणी उपदेश केला नाही. मुख्य इंजिनिअर तर नुसता शेजारी बसून मोजे रफू करायचा.

मास्तरांची बोटं शिट्टीच्या दोरीला पीळ देत होती. बायको हल्ली मुलीच्या खोलीत का झोपते, पाठीच्या डॉक्टरचं नाव आपल्याला कोणी का सांगत नाही, हे सगळं त्यांच्या आता लक्षात येत होतं.

आचाऱ्यानं मान वर केली. "ताई, त्याला काय बोललो असतो तर तो थांबला असता?"

"ते नाही सांगता येणार, काका. तुमची चूक होती असंही नाही. पण मला कोणी सरळ विचारलं असतं ना, तर हलकं वाटलं असतं."

मास्तर काठावरून उठले. ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. आधी ते आचाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की मघाशी मी बोललो ते चुकीचं होतं, दर वर्षी चुकीचं बोलत आलो. मग वर्गाकडे वळले.

"पाण्यात गेलेला माणूस बाहेर काढायला मी आयुष्यभर शिकवलं. जायच्या आधीच वाचलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय." त्यांनी मुलीकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. "आता सराव पाण्याबाहेर. दोघादोघांनी समोरासमोर बसा. एकानं विचारायचं, जीव द्यायचे विचार येतायत का? दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. विचारणाऱ्यानं उठून जायचं नाही."

माणसं ओशाळली. कोणी खाकरलं, कोणी अर्ध्यावर हसलं.

"'माणूस पाण्यात' म्हणून बोंबलताना लाजत नाही तुम्ही," मास्तर म्हणाले, "मग हे विचारताना कसली लाज? पुन्हा."

सगळे एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आवाज हळूहळू स्थिर होईपर्यंत. आचाऱ्यानं सगळ्यात सावकाश विचारलं आणि उत्तर ऐकून झाल्यावरही समोरच्याचा हात सोडला नाही.

वर्ग सुटला. तलावाचं पाणी शांत झालं. मास्तर मुलीच्या शेजारी जाऊन बसले, जरा अंतर ठेवून, कारण अजून ओले होते.

"येतात का अजून?"

"कधी कधी. पूर्वीएवढे नाहीत. आले की आईला सांगते. औषधही चालू आहे."

"मला सांगशील?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला झेपेल?"

"शिकेन की."

ती हसली नाही, पण सरकून जवळ बसली. तिच्या बाहीला त्यांच्या बाहीचं पाणी लागलं.

मास्तरांनी कपडे बदलल्यावर दोघं बाहेर पडली. फाटकावर पहारेकरी स्टुलावर पेपर वाचत बसला होता, केंद्रातला सगळ्यात जुना माणूस. मास्तर त्याच्यासमोर थांबले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही आमची मुलगी."

पहारेकऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "ओळखतो की, मास्तर. एवढीशी होती तेव्हापासून."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "तरी सांगतोय."