भुऱ्याची डावी बाजू

"मागं घे! मागं घे त्याले!" छकडी हाकणारा धनेंद्र ओरडला आणि त्या हलक्या शर्यतीच्या गाडीवरून उडी मारून बाजूला झाला.

भुऱ्याने जू पुन्हा मानेवरून झटकलं होतं. शेजारी मुन्नालालचा रॉकेट पुढचा पाय आपटत उभा होता. तेजराम भुऱ्याचा कासरा धरून नुसताच बघत राहिला. आता काय करायचं, ते त्याला खरंच कळत नव्हतं.

देवरीजवळचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत होती. मागच्या दोन पटांत हे दोन्ही बैल आपापल्या जोडीतून एकेकदा पहिले आले होते. दोघांना एकाच छकडीला जुंपलं तर त्यांच्या पुढे कोण जाणार, असं दोन्ही मालकांना वाटलं आणि फोनवरच जोडी ठरली. पण दोन्ही बैल उजव्या अंगाला जुंपले तरच पळणारे. तेजरामला वाटलं, मुन्नालाल आपला डावीकडे घालेल. मुन्नालालला वाटलं, तेजराम घालेल. विचारलं कोणीच नाही. विचारायचं म्हणजे आपला बैल हलका, असं मान्य केल्यासारखं झालं असतं.

"रॉकेट डावीकडे मरून जाईल पण पळणार नाई," मुन्नालाल म्हणाला. "तुमचाच घाला, तेजरामभाऊ."

"माह्याच काऊन? माहा का हलका हाय?"

"तुम्ही दोघं जुंपून घ्या मंग," धनेंद्र म्हणाला. "बैलं बसतीन छकडीत."

आजूबाजूची माणसं हसली. गुड्डू मात्र हसला नाही. तेजरामचा हा थोरला मुलगा सकाळी घरून निघतानाच बोलला होता, "बाबूजी, माय गेल्यापासून हा कोनाचंच ऐकत नाई. आज नाई पळाला तर विकून टाकू." तेजराम हो म्हणाला होता. त्याच्या बायकोने, दुलारीने बाटलीने दूध पाजून वाढवलेला बैल होता तो. हो कसं म्हणालो, हेही त्याला आता आठवत नव्हतं.

भोंग्यावरून पुढच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं. यांच्या आधी एकच जोडी उरली.

मुन्नालाल जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "पण भाऊ, हा डावीकडे चालते ना. आमच्याकडच्या पटात वहिनीनं यालेच डावीकडे जुंपून फिरवलं होतं. तुम्ही चाय प्यायले गेले होते."

"दुलारीनं?"

"मी सोता पाहिलं. त्याच्या कानात काही बोलत होती. अन् हा गाईवानी उभा."

तेजराम गोंधळून गेला. भुऱ्या उजवा, भुऱ्या उजवा, असं तो गावभर सांगत आला होता. दुलारी ऐकत असायची. एकदाही ती बोलली नव्हती, की तो दोन्हीकडे चालतो.

"गुड्डू, तुही माय याच्या कानात काय म्हणे रे?"

"मले नाई मालूम. मी इचारलं होतं एकदा. हासली नुसती."

"काहीतरी म्हणतच असन ना!"

"म्हणत असन. तुम्ही कधी इचारलं नाई का?"

तेजरामने कासरा आखूड धरला. तो भुऱ्याच्या डोक्याशी गेला, वाकला आणि तोंड त्याच्या कानाजवळ नेलं. तिथे गेल्यावर त्याला काहीच सुचेना. बेटा म्हणायची ती, की राजा? की पवारी बोलीत काही? एवढी वर्षं एका घरात काढली आणि हे ठाऊक नाही. भुऱ्या त्याच्या तोंडावर गरम श्वास सोडत होता.

"नाई हाय ते आता," तेजराम हळूच म्हणाला. "गेली बा ते."

घरी भेटायला आलेल्या कोणालाही त्याने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. दुसरेच सांगायचे, तो मान हलवायचा.

भुऱ्याचा कान एकदा हलला. धनेंद्रने डाव्या बाजूचं जू उचलून त्याच्या मानेवर ठेवलं. या वेळी ते राहिलं. भुऱ्याला समजलं, की तो नुसताच थकला होता, कोण सांगणार. मुन्नालालने झटकन मानेखालून जोत बांधलं.

झेंडी पडली. धूळ उठली. लोकांची एकच आरोळी झाली आणि आधीच पार टोकाला जाऊन थांबलेल्या गुड्डूचा आवाज आला, "बाबूजी, पळाला ना! डावीकडूनच पळाला!"

जोडी कधीच दाणीच्या, पळायच्या पट्टीच्या, शेवटाला पोचली होती. इकडे तेजराम अजून तसाच उभा होता, बैलाच्या कानाच्या उंचीएवढा वाकून.