वेदातची पाठ आणि वन्संचा गुडघा

दर उन्हाळ्यात जर्मनीतल्या श्टुटगार्टहून मोटारीनं तुर्कस्तानात योजगाटकडच्या गावी जायचं, हा वेदातच्या घरचा नेम. डिकीत सगळ्या नातेवाइकांसाठी कॉफी आणि साबण भरायचे, आणि पोचलं की सुट्टी संपेपर्यंत अंगणात बसून कुणाचं लग्न कसं मोडलं ते ऐकायचं. यंदा मी सरळ सांगितलं, "मला समुद्र हवाय. इटलीचा. जिथे मला 'नूरान, चहा ठेव' म्हणणारं कुणी नसेल."

वेदात माझा नवरा. कारखान्यात साहेबाशी भांडतो, पण आईला 'येत नाही' म्हणायची वेळ आली तेव्हा त्यानं पाठ धरली. "आई, पाठीचं ऑपरेशन आहे," असं म्हणून फोनवर तो असा काही कण्हला की क्षणभर मलाच काळजी वाटली.

आमची देफने पहिलीत जाणारी. तिला नीट पढवून ठेवलं. पप्पा कुठेत असं कुणी विचारलं तर सांगायचं, दवाखान्यात, पाठीचं ऑपरेशन झालंय.

"कुणीही विचारलं तरी?" तिनं खात्री करून घेतली.

"कुणीही," वेदात म्हणाला.

रिमिनीजवळच्या त्या किनाऱ्यावर आम्ही फार सुखात होतो. ऑपरेशन झालेल्या पाठीला रोज तेल चोळून वेदात ती उन्हात शेकत होता. एका दुपारी पोरीकडे लक्ष ठेव म्हणून त्याला बजावलं आणि मी पाण्यात गेले. परत येते तर हा घोरतोय आणि देफने गायब.

तिथे सगळ्या छत्र्या एकाच निळ्या रंगाच्या. आम्ही रांगांमागून रांगा धुंडाळल्या, हाका मारल्या. समुद्राकडे बघायची माझी हिंमत होईना. वेदातचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात खांबावरचा लाउडस्पीकर खरखरला. आधी इटालियनमध्ये, मग जर्मनमध्ये आवाज आला: "देफने नावाची लहान तुर्की मुलगी जीवरक्षकांच्या खोलीत आहे. वडील पाठीच्या ऑपरेशनसाठी श्टुटगार्टच्या दवाखान्यात आहेत, असं ती सांगते. सोबतच्या मोठ्या माणसांनी कृपया यावं."

आम्ही धावत सुटलो. वेदात कुणाचे तरी वाळूचे किल्ले तुडवत पुढे. समोरून एक बाई आमच्याहून जोरात पळत येत होती. नारिंगी फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख, हातात कलिंगडाची फोड. काय दम आहे बाईत, असं मनात आलं, आणि मग मी तिला ओळखलं. डॉर्टमुंडच्या हालिदे वन्सं, वेदातची थोरली बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा त्या गावी जाणार नव्हत्या. 'तुम्ही तरी आईला विसरू नका' असा रडका निरोपही त्यांनी मला पाठवला होता.

खोलीच्या दारात बहीणभाऊ समोरासमोर आले.

"तू दवाखान्यात नाहीस?" वन्सं म्हणाल्या.

"तुझा गुडघा कसाय, ताई?"

त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. "आज जरा बरा आहे."

आत देफने कुणीतरी दिलेलं आइस्क्रीम खात बसली होती. मी तिला छातीशी धरलं. जीवरक्षकानं वेदातकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुझे बाबा का?"

देफनेनं बापाकडे नीट निरखून पाहिलं. "नाही. माझे पप्पा दवाखान्यात आहेत."

जीवरक्षक वेदातच्या वाटेत आडवा उभा राहिला. मी आई आहे, हा माझा नवरा आहे, हे सांगून काही उपयोग होईना. दवाखान्यात कुणीच नाही, हे समजावायला गेले तर त्याचा संशय आणखी वाढला. शेवटी वन्सं पुढे झाल्या. "लुका, हा माझा धाकटा भाऊ. थोडा बावळट आहे, पण पोरगी त्याचीच."

"सिन्योरा हालिदे म्हणतात, मग प्रश्नच नाही," लुका हसला. "दर उन्हाळ्याला इथेच असतात त्या."

"दर उन्हाळ्याला?" मी विचारलं.

वन्संनी कलिंगडाचा घास घेतला. कामाचा व्याप, मणक्याचा त्रास, शेजारणीचं आजारपण, अशी एकेका वर्षाची कारणं मला आठवत होती. त्या येत नव्हत्या म्हणून त्यांच्या वाटणीचे पाहुणेही मीच सांभाळत होते.

संध्याकाळी त्यांच्या छत्रीखाली दोघांची कुजबुज चालली होती की आईला काय सांगायचं. मी फोन उचलला आणि सासूबाईंना लावला. वेदात म्हणाला, "नूरान, नको गं." तोवर पडद्यावर सासूबाई दिसायला लागल्या होत्या. मी फोन फिरवून त्यांना मुलगा दाखवला, मुलगी दाखवली, मागचा समुद्रही दाखवला.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून एकेकाला पाहून घेतलं.

"हालिदे, अंगावर काहीतरी घे, गार वारा असेल," त्या म्हणाल्या. मग उशी सारखी करून त्यांनी पाय लांब केले. "खरं सांगू? दर वर्षी घर पाहुण्यांनी भरतं आणि मी ओट्यापाशी उभी. यंदा दुपारची झोपते. कालच शेजारणीला म्हटलं, पोरं आजारी पडली ते बरंच झालं."

वेदात इतका हसला की त्याची पाठ खरोखरच धरली. वन्संना मात्र ते फार लागलं. "आईला माझी आठवण येत नाही," असं म्हणत रात्री त्यांनी शिंपल्यांच्या दोन थाळ्या संपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी देफनेला पोहायला शिकवायचं कबूल केलं.