टाळू कुठली?

चांगुणाच्या पत्राला मी अठरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. ही माझी धाकटी बहीण. सुप्याजवळच्या एका खेड्यात राहते. फोनवर मला धड बोलता येत नाही, पलीकडचा माणूस थांबला की मी अडखळतो, हे तिला ठाऊक आहे. म्हणून महत्त्वाचं काही असलं की ती अजूनही आंतरदेशीय पत्रच टाकते.

"ती. दादास सा. न. पत्रास कारण की, माझ्या खालच्या चार दातांची हिरडी उतरलीय. मुळं उघडी पडली. गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी येतं. नगरच्या डॉक्टर ज्योती म्हणतात, टाळूवरची कातडी काढून हिरडीला लावायची. दादा, डोक्याला टाके पडतात का? टाळूला धक्का लागला तर माणूस जातो म्हणतात. तू एवढी पुस्तकं वाचतोस, खरं काय ते कळव."

गोंधळ कुठे झाला हे मला पहिल्या वाचनातच दिसलं होतं. टाळू डोक्यावरही असते आणि तोंडातही असते. डॉक्टर एकीबद्दल बोलल्या, चांगुणाने दुसरी ऐकली. एवढंच लिहायचं होतं. पण मी पडलो निवृत्त ग्रंथपाल. वैद्यकातलं काही चुकीचं लिहिलं तर? म्हणून आधी खात्री करू म्हणालो. एक पुस्तक काढलं, त्यातल्या एका शब्दासाठी दुसरं काढलं. असे अठरा दिवस गेले.

शनिवारी संध्याकाळी भाची निकिताचा फोन आला.

"मामा, आई उद्या सुप्याच्या हायवेवरच्या त्या हिरडीबाबाकडे निघालीय. गुरुवारचं ऑपरेशन रद्द कर म्हणते."

"का?"

"का म्हणजे? तो बाबा सांगतो, डॉक्टर टाळू कापतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, अजून दात हलत नाहीत तोवर हिरडीचं कलम करून घ्या. आणखी उशीर केला तर ते चार दातच जातील. मामा, तुम्ही तिला उत्तर का नाही दिलं?"

"मी बघत होतो..."

"कुठे?"

"पुस्तकात."

तिने फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी राहतो त्या केडगावहून एसटी धरली. सुप्याच्या अलीकडे, हायवेला लागून एका पत्र्याच्या शेडसमोर टेम्पो आणि जीप उभ्या होत्या. दोनशे तरी माणूस असेल, त्यात बायकाच जास्त. स्पीकरवर बाबाचा आवाज खणखणत होता.

"माउली, दात म्हणजे भिंत आणि हिरडी म्हणजे माती! माती खचली तर भिंत राहील का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

"डॉक्टर काय करतो? भिंत पाडतो! बाबा काय करतो? माती भरतो!"

टाळ्या पडल्या. भगवी कफनी, हातात सोन्याचं घड्याळ, समोर पेटलेली समई. एकेक जण पुढे बसत होता. बाबा फडक्याने त्याच्या हिरड्या पुसायचा आणि तपकिरी पूड चोळायचा. जिभेला मुंग्या येऊन तोंड बधिर होतं, असं उठून आलेल्या बायका सांगत होत्या. मग बाबा डोळे मिटून अंगठा समईवर धरायचा, मांडीजवळच्या लाल कापडाखालून चिमूटभर 'प्रसाद' घ्यायचा आणि दातांच्या मुळाशी दाबायचा. लगेच आरसा. उघडी पडलेली मुळं गुलाबी हिरडीखाली गेलेली! बायका रडत होत्या, पाया पडत होत्या.

"पथ्य ऐका! तीन दिवस गरम चहा नाही, गरम कालवण नाही, ब्रश नाही, डॉक्टर नाही! पथ्य मोडलं तर हिरडी गळणार. मग माझ्याकडे रडत यायचं नाही. श्रद्धा गळाली की हिरडी गळाली!"

मला तिथे आल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते आत्ता लक्षात आलं. एवढी माणसं जमलेली आणि कुणाच्याही हातात चहा नाही. शेडबाहेरच्या टपरीवर पुंजाराम नावाचा चहावाला स्टोव्ह विझवून बसला होता.

"आज बंद?" मी विचारलं.

"बाबाचा हुकूम हाय. दर रविवारी शंभर पावलांत चहा उकळायचा न्हाई. बसलोय मंग माश्या मारीत."

"थंड चालतं?"

"थंड कितीबी प्या म्हनतो. बाटल्या त्येच्याच पोराच्या हायेत."

माझ्या तोंडात कवळी आहे. ती तयार होण्याआधी मापासाठी जी कच्ची कवळी बसवून पाहतात, तिच्यात दात गुलाबी मेणात रोवलेले असतात. कवळी करणाऱ्याने तेव्हा मला बजावलं होतं, "आजोबा, चहा पिऊन आला असाल तर तोंड गार पाण्यानं धुवा. हे मेण लगेच मऊ पडतं." मी पुन्हा शेडमध्ये बघितलं. समईवर तापवलेला अंगठा. गुलाबी प्रसाद. गरम चहाची बंदी.

आणि बाबासमोर बसलेली चांगुणा.

मी गर्दीतून पुढे जाईपर्यंत तिच्या हातात आरसा आला होता. मला बघून ती हसली. रागावलेली असेल असं वाटलं होतं. "दादा, बघ! कळ बी गेली!"

कदाचित माझाच अंदाज चुकत असेल. तसं झालं तर दोनशे माणसांत तिची आणि माझी शोभा होणार. आणि तो बरोबर असूनही मी गप्प बसलो तर गुरुवार जाणार. मी परत पुंजारामकडे गेलो.

"एक चहा हवा. उकळता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबाच्या शेडकडे. गुपचूप थर्मास काढला. "माझ्यापुरता आनलेला हाय. घ्या. व्हईल ते व्हईल."

ग्लास घेऊन आत गेलो, तसा स्पीकर ओरडला, "अरे, आजोबा चहा घेऊन आले! बाहेर काढा!"

"चांगुणा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "चांगुणा, ही हिरडी तुझी असेल तर चहाने तिला काही होणार नाही. आयुष्यभर तू चहा पीत आलीस."

"पथ्य हाय दादा."

"हिरडीला चहाचं पथ्य कशाला?"

मागून एक माणूस म्हणाला, "ओ म्हातारबा, लई शानपना करू नका!" चांगुणाने माझ्याकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून ग्लास घेतला, फुंकर घातली आणि मोठा घोट तोंडात धरला. मी आकडे मोजत होतो. बारापर्यंत आलो तेव्हा तिचे गाल हलले. तिने तळहातावर थुंकलं.

चहात गुलाबी गोळा, आणि त्यावर तिच्या दातांचे ठसे.

"आगं बया!" पुढच्या रांगेतली मुक्ताबाई नावाची म्हातारी उठली. "ही तर ल्हान पोरांची खेळायची माती!"

"मेण आहे," मी म्हणालो. "कवळ्या बनवताना वापरतात ते."

"श्रद्धा गळाली!" बाबा गरजला. "बाईनं पथ्य मोडलं! आता जा डॉक्टरकडे, टाळू कापून घे! विचारा या म्हाताऱ्याला, डॉक्टर टाळूची कातडी काढतात का नाही?"

"काढतात," मी म्हणालो.

गर्दीत एकदम कालवा उठला. चांगुणा तळहात तसाच धरून उभी होती. "दादा, मेण तर मेण. पन टाळूचं काय? मी इचारलं व्हतं तुला."

बाबा हसला. "जिथून जीव जातो, तिथंच सुरी! सांगा, आजोबा!"

मी बोलायला लागलो, पण त्या गोंगाटात कुणी ऐकेना. तेव्हा मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. दोनशे माणसांसमोर तोंडातली कवळी काढली, आ वासला आणि बोट आत घालून वरचा भाग दाखवला.

"ही! ही ताळू!" दात नसल्यामुळे 'ट'चा 'त' आणि 'ड'चा 'द' झाला. पोरं खिदळली. "तोंदातली! दोक्यावरची नाही! आतून कातदीचा पातळ तुकदा घेतात. आपली कातदी, आपलीच हिरदी!"

मुक्ताबाईने स्वतःच्या तोंडात बोट घातलं आणि ते वर दाबून पाहिलं. "खरंच की! हितं बी टाळूच म्हनत्यात. घास चिकटतो ती."

"मंग डोकं न्हाई कापत?" चांगुणा म्हणाली.

"नाही गं. केसालाही धक्का लागत नाही."

तोवर मुक्ताबाईने वाकून बाबाच्या मांडीजवळचं लाल कापड उचललं होतं. खाली गुलाबी मेणाच्या पट्ट्या चिक्कीसारख्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यांना दिसेल अशी एक पट्टी तिने समईवर धरली. पट्टी वाकली आणि टपकन वातीवर गळाली. मग शेडभर बायका नखांनी आपल्या हिरड्या खरवडू लागल्या.

बाबा मागच्या दाराने गेला. दोन दिवसांनी कळलं की त्याचं नाव श्रीमंत, आणि पूर्वी तो एका कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला होता.

एसटीची वाट बघताना चांगुणा म्हणाली, "दादा, त्यो लबाड व्हताच. पन त्यानं मला उत्तर तरी दिलं."

मी खिशातून तिचं पत्र काढलं.

"गुरुवारी मी जातेच. आता लिहून दे. आमच्या आळीत सा-सात बाया हायेत हिरडी उतरलेल्या. मी सांगून ऐकायच्या न्हाईत. तुझं पत्र वाचून दाखवीन."

घरी आलो आणि आधी चांगुणाकडून घेतलेल्या नंबरवर डॉक्टर ज्योतींना फोन केला. चार वेळा अडखळलो, पण जे विचारायचं ते विचारलं. मग लिहायला बसलो.

"चि. चांगुणास अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, ही माझी चूक. टाळू म्हणजे तोंडाचं छत, जिभेने वर चाचपलं की लागतं ते. जागा बधिर करून तिथली पातळ कातडी घेतात आणि हिरडी उतरलेल्या जागी शिवतात. डाळिंबाचं कलम धरावं तशी ती धरते. टाळू काही दिवस दुखते, मग भरून येते. हिरडी पहिल्यासारखी होईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. मुळं झाकतील आणि हिरडी आणखी उतरणं थांबेल, एवढी आशा आहे. मशेरी मात्र आजपासून सोडायची. तंबाखूने आणि रोज घासण्याने हिरडी झिजते, कलमही धरत नाही.

बायांना सांग : एका क्षणात बरं करतो म्हणणाऱ्याला विचारा, कसं? उद्या सकाळी चहा प्यायल्यावरही ते टिकेल का? आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर तिथंच विचारा, डॉक्टर, टाळू कुठली? विचारण्यात लाज नाही. मी उत्तर दिलं नाही, लाज त्यात आहे. गुरुवारी मी दवाखान्यात येतो. दादा."

पत्र पुन्हा वाचलं. 'धरते' लिहावं की 'रुजते', असं मनात आलं. पुस्तकाकडे हात गेला होता. तो मागे घेतला, पत्राला डिंक लावला, चपला घातल्या आणि केडगावच्या पोस्टाबाहेरच्या पेटीत पत्र टाकलं.