तिसऱ्या खुंटीवरचा सोल

फांद्या उतरवणारा वीरैयन झाडावरून पडला तेव्हा रघोजी काटे कोठारात बसून कप्पीला एरंडेल देत होता. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर काम करणारा एक गडी धावत आला, दाराची चौकट धरून उभा राहिला आणि धापा टाकत एवढंच म्हणाला, "सोल तुटला."

रघोजीला वाटलं, गडी घाबरलाय, फांदी तुटली म्हणायचं असेल त्याला. त्यानं पुन्हा विचारलं. गड्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना वीरैयनचं नाव घेतलं आणि कालव्याकडे हात केला, तेव्हा कुठे रघोजीच्या हातातली कप्पी खाली पडली.

सोल, म्हणजे चढणाऱ्याला पेलणारा जाड दोरखंड, तुटणं ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती. राज्य खालसा झालं त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली होती. त्याआधी रघोजीचा बाप तंजावूरच्या राजवाड्यात हत्तींचे सोल सांभाळायचा. हत्ती गेले, त्यांची ठाणी मोडली, बापाचं काम गेलं. पण दोरखंड ओळखायची विद्या घरात राहिली. तिच्याच जोरावर रघोजीला इंजिनियरच्या कचेरीत जागा मिळाली होती. सरकारी रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना चिंच, वड आणि पिंपरणीची जुनी झाडं होती. कार्तिकातली वादळं येण्याआधी त्यांच्या जड फांद्या उतरवाव्या लागत. झाडावर चढणारे गडी कमरेला सोल बांधत, तो वरच्या फांदीवरून टाकत आणि त्याचं दुसरं टोक खाली दोघं जण धरून ठेवत. ते सोल, कप्प्या, करवती आणि कोयते किल्ल्याच्या खंदकालगतच्या एका कोठारात असत, आणि त्या कोठाराची किल्ली चौदा वर्षं रघोजीच्या कमरेला होती.

सोल जमिनीवर टेकलेला त्याला खपत नसे. प्रत्येकाची मोठी वेटोळी करून तो लाकडी खुंटीवर टांगायचा, भिंतीपासून वीतभर लांब. ओला सोल उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर सुकवायचा. महिन्यातून एकदा प्रत्येक सोल काढून तो तीन ठिकाणी पीळ उलटा फिरवायचा, आतले पदर उघडे करून बघायचा, नाक लावून वास घ्यायचा. बाहेरून सोल कसाही दिसला तरी खरं आत असतं, असं त्याचा बाप सांगायचा. चौदा वर्षांत त्याच्या कोठारातल्या सोलावरून एकही माणूस पडला नव्हता. लग्नाकार्यात कुणी त्याच्या कामाची चौकशी केली की ही गोष्ट तो सांगितल्याशिवाय राहत नसे. त्याची बायको कमलाक्षी त्यावर हसायची.

रघोजी पोचला तेव्हा वीरैयनला बैलगाडीत घालून त्याच्या वस्तीवर नेलं होतं. तो चिंचेवरून कालव्याच्या भरावावर, ओल्या मातीत पडला म्हणून जीव वाचला होता. पण मांडीचं हाड मोडलं होतं आणि कमरेखाली त्याला धड हलता येत नव्हतं. चिंचेखाली सोल तसाच पडून होता. ओव्हरसियर सुब्रमण्यम अय्यर छत्री घेऊन शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले की गड्यानं सकाळी ताडी घेतली असावी, गाठ नीट मारली नसावी.

रघोजी खाली वाकला. गाठ जशीच्या तशी होती. सोल गाठीपासून दोन हातांवर तुटला होता. त्यानं तुटलेलं टोक हातात घेतलं. झिजून तुटलेल्या सोलाचे तंतू लांबट, केसाळ असतात. कोयत्यानं कापलेल्याचे सरळ. हे दोन्हीसारखे नव्हते. टोक आखूड होतं, तपकिरी होतं, आणि त्यानं चिमटीत धरून दाबलं तर त्याचा भुगा झाला. जुन्या पानासारखा भुगा. बोटं उघडली तेव्हा वाऱ्यानं तो उडून गेला.

तो तिथेच मातीत बसला. सोल दोन वर्षांचाही नव्हता. उत्तम ताग, त्यानं स्वतः निवडून आणवलेला. त्याची खुंटी त्याला पाठ होती, दारातून तिसरी. आणि त्या सोलावर एक तपकिरी डाग होता हेही त्याला आता आठवलं. श्रावणात त्याला तो दिसला होता. कप्पीचं एरंडेल सांडलं असेल असं समजून त्यानं तेव्हा आणि त्यानंतरही डाग सोडून पलीकडे पीळ उघडून बघितला होता.

कोठारात परत आल्यावर तो तिसऱ्या खुंटीसमोर उभा राहिला. खुंटीवर काही नव्हतं. त्यानं मान वर केली. खुंटीच्या बरोबर वर माळ्याची फळी होती आणि फळीला खालच्या बाजूनं एक काळा, जळल्यासारखा पट्टा पडला होता. शिडी लावून तो वर चढला. फळीवर काचेची एक मोठी बरणी होती. तिच्या तोंडाचं मेण उन्हाळ्यात वितळून एका अंगाला ओघळलं होतं, बूच काळं पडून निम्मं खाल्लं गेलं होतं, आणि बरणी उंदरानं म्हणा, कशानं म्हणा, भिंतीवर किंचित कललेली होती. बाहेरून ती ओलसर होती. त्यानं बोट लावलं आणि लगेच ओढून घेतलं. बोट भाजलं.

बरणी त्याच्या जावयाची होती.

तुळजाजीचं घराणं राजवाड्यातल्या शस्त्रांना चकाकी द्यायचं. शस्त्रं गेल्यावर तो पितळेच्या भांड्यांना चांदीचा मुलामा द्यायला शिकला होता, आणि त्या कामाला गंधकाचं द्रावक, म्हणजे तेजाब, लागायचं. फाल्गुनात रघोजीची लेक सुंदरी माहेरी आली तेव्हा म्हणाली होती की बाळ आता रांगतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, घरात हे द्रावक ठेवायची भीती वाटते. रघोजीच म्हणाला होता, आण माझ्या कोठारात, तिथे कुणी हात लावत नाही. त्यानं स्वतःच्या हातानं बरणी माळ्यावर ठेवली होती. दिसायला ते पाण्यासारखं होतं. थोडंसं तेलकट.

तो शिडीवर किती वेळ बसून राहिला ते त्याला कळलं नाही. रांगत्या नातवाचं तोंड वाचावं म्हणून त्यानं ते तिथे ठेवलं होतं. एवढाच विचार डोक्यात पुन्हा पुन्हा येत होता आणि पुढे जात नव्हता.

संध्याकाळी तुळजाजी कोठारात आला. बरणी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. थोड्या वेळानं मात्र तो सावरला आणि समजावू लागला. अय्यर ताडीचं म्हणतायत तर म्हणू दे. गडी मेलेला नाही. बरणी तो आत्ताच घेऊन जाईल, फळी बदलून टाकू, कुणाला काय कळणार आहे. मामांची चौदा वर्षांची नोकरी आहे, अब्रू आहे.

"मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"मुद्दाम कुणीच करत नाही रे," रघोजी म्हणाला. "बरणी इथेच राहू दे. इंजिनियर साहेबाला दाखवायची आहे."

तुळजाजी जेवायला घरी न येताच निघून गेला. कमलाक्षीनं दोन ताटं वाढली होती, तिनं दोन्ही झाकून ठेवली. मग नवऱ्याच्या भाजलेल्या बोटाला लोणी लावत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रघोजी वीरैयनच्या वस्तीवर गेला. हाड बसवणाऱ्यानं त्याचा पाय बांबूच्या कामट्यांत बांधून ठेवला होता. झोपडीबाहेर नारळाच्या झापांची सावली केली होती, तिच्याखाली तो पडून होता. बायको पंख्यानं माश्या वारत होती. रघोजीला बघून तो उठायला गेला आणि कळवळून मागे पडला. रघोजी कधी त्या वस्तीत आला नव्हता. बायकोनं लगबगीनं चटई टाकली, पण तो तिच्यावर बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. बरणी, बूच, डाग. डाग दिसूनही उघडून बघितला नाही, हेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्यालाच वाटत होता.

वीरैयन शिव्या देईल, रडेल, बायको तळतळाट करील, या सगळ्याची तयारी करून तो आला होता.

वीरैयन झापांकडे बघत तमिळमध्ये, अगदी शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं, सामी."

रघोजीला कळेना.

"बांधतानाच तळहाताला लागलं. एके ठिकाणी सोल कडक होता. नख लावलं तर पूड निघाली."

"मग चढलास कशाला?"

"तुमच्या हातचा होता," वीरैयन म्हणाला. "तुम्ही बघून दिलेला सोल आम्ही पुन्हा बघायचा म्हणजे तुमचा अपमान. चौदा वर्षांत कुणी तसं केलं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

रघोजी चटईवर बसला. कोठारात बरणी सापडली तेव्हा वाटलं होतं की याहून वाईट काही ऐकायचं राहिलेलं नाही. ज्या गोष्टीचा तो लग्नाकार्यात अभिमान मिरवत फिरला, तिनंच या माणसाच्या हाताला कळलेलं खोटं ठरवलं होतं. वीरैयनच्या बायकोनं पंखा थांबवला आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता की नाही, ते त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

चौकशी कचेरीच्या ओसरीवर झाली. इंजिनियर साहेब तरुण होता, घाईत होता. अय्यरांनी ताडीची हकीकत वाचून दाखवली. ती संपल्यावर रघोजी पुढे झाला आणि त्यानं तुटका सोल, फळीचा तुकडा आणि बरणी टेबलावर ठेवली. बरणीतला एक थेंब काडीनं नव्या तागाच्या तुकड्यावर सोडून त्यानं तो चार दिवस ठेवला होता. तो तुकडा त्यानं साहेबासमोर दोन बोटांनी मोडला. अय्यर इंग्रजीतून सांगू लागले, पण साहेबानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि तो तुकडा स्वतः मोडून बघितला.

रघोजीची जागा गेली. कचेरीच्या कोठारात परक्याचं द्रावक ठेवलं, एवढं कारण पुरेसं होतं. त्याला ते आधीच माहीत होतं. निघताना साहेबानं विचारलं की आता सोल बघायला माणूस कोण आणायचा, तेव्हा तो म्हणाला, वीरैयन. अय्यरांना ते मुळीच रुचलं नाही. झाडावर चढणाऱ्याच्या हाती सरकारी किल्ली द्यायची म्हणजे काय, असं ते पुटपुटले. रघोजी म्हणाला की त्याचा पाय मोडलाय, हात नाही, आणि त्या हाताला जे कळलं ते आपल्या डोळ्यांना कळलं नव्हतं. साहेबानं दोघांकडे बघितलं आणि होकार दिला.

जावई त्यानंतर वर्षभर घरी आला नाही. सुंदरी एकटीच यायची, बाळाला घेऊन, आणि बापाशी बेताचंच बोलायची.

पौषात वीरैयन काठी टेकत चालायला लागला आणि रघोजी त्याला कोठार समजावून द्यायला गेला. माळा रिकामा करून घासला होता. माळ्याखालच्या भिंतीवरचे सगळे सोल रघोजीनं आधीच कापून टाकले होते. समोरच्या भिंतीवरचे सात चांगले होते, ते त्यानं हाती दिले. वीरैयननं पहिला मांडीवर घेतला आणि तीन ठिकाणी नाही, हातभर अंतरावर पीळ उघडत निघाला. त्याला फार वेळ लागत होता. रघोजी आधी अस्वस्थ झाला, मग लक्ष देऊन बघू लागला.

पाचव्या सोलाशी वीरैयन थांबला. उघडलेला पीळ त्यानं रघोजीसमोर धरला. बाहेरून सोल सोन्यासारखा होता. आतले पदर करडे, मऊ पडले होते आणि बोट फिरवलं की गळत होते. इथे द्रावक नव्हतं. कधीतरी ओलाच गुंडाळला गेला असेल, आतून कुजला असेल. आश्विनात रघोजीनं तो तपासला होता. तीन ठिकाणी.

"यावर शेवटचं कोण चढलं?" त्यानं विचारलं.

"चिन्नतंबी. वडाच्या कामाला. आठ दिवस चढत होता."

रघोजी उठून बाहेर आला. खंदकाच्या काठाला, पिंपरणीच्या सावलीत गडी न्याहारीला बसले होते. चिन्नतंबी त्यांच्यात होता. मडक्यातला शिळा भात ताकात कालवून खात होता, शेजाऱ्याला कसलीशी गंमत सांगत होता, आणि हसताना त्याचा खांदा हलत होता. रघोजी समोर येऊन उभा राहिलेला बघून तो दचकला, तोंड पुसून उठायला लागला.

"बस," रघोजी म्हणाला. "जेव."

चिन्नतंबीनं विचारलं, काही काम होतं का. रघोजीनं नकारार्थी मान हलवली आणि तिथेच, गड्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून, मुळावर बसला. चिन्नतंबी काही वेळ संकोचला. मग पुन्हा भाताकडे वळला आणि सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवला. तो उठून हात धुवायला पाण्यावर जाईपर्यंत रघोजी त्याच्यावरची नजर काढू शकला नाही.