थोरलीवरचा घाव

होय, हातोडाच बोलतोय मी. घाबरू नका. सध्या माझा दांडा कुणाच्या हातात नाहीये, त्यामुळे तुमच्या टाळक्याला धोका नाही. बसा निवांत.

माझा जन्म मारहाणीत झाला. आधी मला लालबुंद होईपर्यंत तापवलं, मग दोघांनी आळीपाळीनं झोडपलं, मग पाण्यात बुडवलं. बाहेर काढल्यावर एकजण म्हणाला, "बरा झालाय." एवढंच काय ते माझं बारसं.

सुतारानं मला घेतलं त्याला तीस वर्षं झाली. त्याचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, भिंतीवर टांगलेल्या करवती आणि घोट्यापर्यंत भुसा. तो तीन पायांची स्टुलं करायचा. तीस वर्षांत मी त्याचा अंगठा दोनदा फोडला, पण मला कधी शिवी दिली नाही त्यानं. दोन्ही वेळेला टेबलाला लाथ मारली. टेबलाची काहीही चूक नव्हती. माणसं अशीच असतात.

मग आमच्या गावात ती साइट आली. तिच्यावर गप्पा मारायच्या, फोटो टाकायचे, आणि तिथंच विकायचं, तिथंच घ्यायचं. लोक तिला थोरली म्हणायचे, कारण थोरल्या जाऊबाईसारख्या सगळ्यांच्या चाव्या तिच्या कमरेला. सुताराची स्टुलं तिथं धडाधड खपायला लागली. तो खूश. मीही खूश, मला काम.

एके दिवशी सकाळी त्यानं चहा घेता घेता फोन उघडला, तर त्याचं खातंच बंद. कारण असं दिलं होतं की तुमचं स्टूल हे आमच्या स्टुलाची नक्कल आहे. थोरलीनं त्याचंच स्टूल बघून स्वतःचं काढलं होतं. अगदी डाव्या पायाच्या बारक्या बाकासकट. तो बाक म्हणजे सुताराची चूक होती, त्यांना वाटलं डिझाइन आहे.

त्यानं तक्रार लिहिली. मशीनचं उत्तर आलं, "तुमच्या भावना आमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत."

सुतारानं फोन शांतपणे खिशात ठेवला, मला उचललं आणि तयार स्टुलं फोडायला घेतली. एकापाठोपाठ एक. पाय उडत होते, फळ्या चिरत होत्या, एक तुकडा खिडकीतून बाहेर जाऊन कुणाच्या तरी सायकलीला लागला. चाळीस झाली. एकेचाळिसाव्यावर त्याची मुलगी येऊन बसली.

हिला सगळे ठेंगू म्हणतात. उंची स्टुलाएवढी, आवाज ट्रकएवढा.

"ऊठ," सुतार म्हणाला.

"नाही उठत. बाबा, मारायचंय ना? मग नीट जागी मारू."

तिनं नोकरी सोडली आणि चार महिने टेबलाच्या कोपऱ्यात बसून दुसरी साइट बनवली. ती धाकटी. फक्त आमच्या गावापुरती, आणि मुद्दाम फक्त कॉम्प्युटरवर चालणारी, म्हणजे कुणी दिवसभर फोनला जळूसारखं चिकटून राहायला नको. बापलेकीत ठरलं की वर्षाअखेरपर्यंत धाकटी चालली तर ठीक. नाही चालली तर कारखाना विकायचा, आणि सुतारानं थोरलीच्याच गोदामात खोकी चिकटवायला जायचं. सुतार हे म्हणाला तेव्हा माझा दांडा धरलेली त्याची मूठ पांढरी पडली होती.

ठेंगू घरोघरी गेली. मडकीवाली काकू म्हणाली, "अगं येते की! आधी बाकीचे येऊ देत." सुताराचा सख्खा धाकटा भाऊ दिवे करतो, तो म्हणाला, "दादा, मी एका पायावर तयार आहे. पण गिऱ्हाईक थोरलीवर ना!" गिऱ्हाइकांना विचारलं तर ती म्हणाली, "दुकानदार थोरलीवर ना!" म्हणजे सगळे दारात उभे, आणि "आधी तुम्ही, आधी तुम्ही" चाललेलं. आमच्या धंद्यात असं नसतं. आजवर एकही खिळा मला म्हणाला नाहीये की आधी त्या बाजूच्याला ठोका.

ठेंगूच्या लक्षात आलं. एकेकटा गेला तर तो मरतो. सगळे एकदम गेले तर थोरली मरते. तेव्हा एकच दिवस ठरवायचा, मैदानात जमायचं, आणि थोरली चालते फोनवरच, तेव्हा परत जायची वाटच राहू नये म्हणून सगळ्यांनी आपापले फोन फोडायचे. माझ्याकडून.

आता हा बेत सगळ्यांना कळवायचा कुठं? सगळे जिथं आहेत तिथंच. म्हणून "थोरली सोडा" असा गट थोरलीवरच काढला. थोरलीनं स्वतः तो लोकांना सुचवला, "तुम्हाला हाही गट आवडेल." शिवाय खाली हातोड्यांच्या जाहिराती दाखवल्या. त्यात मी नव्हतो. थोडं लागलं मनाला.

दिवस उजाडला. मैदानात मधोमध लोखंडी ठोकळा, पुढं दोनशे माणसांची रांग. ठेंगूनं पहिला स्वतःचा फोन ठेवला. सुतारानं मला डोक्यावर नेलं आणि खाली आणलं. काच उडाली, टाळ्या पडल्या. दुसरा फोन सुताराचा. दोन घावांत चपटा.

तिसरा फोन दिवेवाल्याचा. त्याच्यावर मी आदळलो आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. पहिले दोन फोन कोमट होते, खिशातून नुकते काढलेले. हा थंडगार होता. चौथा थंड. पाचवा थंड. काकूचा तर इतका थंड, की वर्षभर माळ्यावर पडला असावा. मी गप्प राहिलो. माझं मत कुणी विचारत नाही, माझ्या तोंडाचा उपयोग लोक वेगळ्याच कामाला करतात.

एकशे अठ्ठ्याण्णव थंड मढी मी त्या सकाळी फोडली. एका बॅटरीनं पेट घेतला, एका आजोबांची भुवई जळाली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ठेंगू रडत होती. एवढी माणसं, आपल्या शब्दाखातर!

आणि दिवेवाल्याच्या खिशात टिंग वाजलं.

मग काकूच्या पिशवीत टिंग. मग मागं कुणाच्या तरी मोज्यात. मग सगळ्या मैदानात, सगळ्या खिशांत, एका दमात. कुणीतरी फोन फोडतानाचा व्हिडिओ थोरलीवर टाकला होता आणि त्यात सगळ्यांची नावं जोडली होती.

सगळ्यांचे हात आपापल्या खिशांवर गेले.

"काकू," दिवेवाला म्हणाला, "तुमच्या पिशवीत काय वाजलं?"

"माझा जीव वाजला! तू तुझा खिसा दाखव आधी!"

"मग फोडला तो कुणाचा?"

"तू फोडलास तो कुणाचा?"

"मी विकत घेतला. थोरलीवरनं. 'बंद फोन, फोडण्यास उत्तम' म्हणून विकायला होते."

"मेल्या, ते मीच विकत होते!"

काकूनं आठवड्यात एकशे पन्नास खपवले होते. बाकीच्यांनी घरातले जुने आणले होते.

त्यानंतर जे झालं त्याला लोक नंतर बाचाबाची म्हणाले. दिवेवाल्यानं काकूची पिशवी हिसकली, काकूनं ती त्याच्याच तोंडावर हाणली, दोन दात मैदानात पडले. कुणाच्या तरी कॅमेऱ्याची तिवई एकाच्या पाठीत बसली. "गद्दार" म्हणत गद्दार गद्दारांना तुडवत होते. भुवई जळालेले आजोबा एकाच्या कानाला चावून लोंबकळत होते. आणि यातले निम्मे एका हातानं मारत होते आणि दुसऱ्या हातानं शूटिंग करत होते.

 सुतार मात्र सरळ भावाकडे चालत गेला.

"दादा, ऐक तरी..."

"वर्षाअखेर मी खोकी चिकटवणार," सुतार म्हणाला, "आणि तू टिंग ऐकणार." आणि त्यानं मला वर नेलं. लाकडावर नेतो त्याहून वर.

खाली येताना मला दिवेवाल्याचं टाळकं दिसत होतं. मग मध्येच एक हात आला. ठेंगूचा.

तिची उजव्या हाताची तीन बोटं मी मोडली. यावर मी विनोद करणार नाही.

पोलीस आले. मला, ठोकळ्याला आणि फुटक्या फोनांच्या पोत्याला त्यांनी नंबर लावून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. पुढचं मी नंतर कारखान्यात ऐकलं ते सांगतो.

त्याच संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून ठेंगू धाकटी बंद करायला बसली. पासवर्ड टाकला. साइटनं कोड मागितला. कोड तयार होतो तिच्या फोनच्या आतच, नवं सिम घेऊन भागत नाही. फोन पोत्यात.

"दुसरी काही सोय नाही का ठेवलीस?" सुतारानं विचारलं.

"ठेवलीय ना. दहा जादा कोड काढलेत. त्यांचा फोटो काढून ठेवलाय."

"कुठं?"

ठेंगू प्लास्टर खाजवायला लागली.

"ठेंगू, कुठं?"

"फोनमध्ये."

सुतार पाच मिनिटं हसला, आणि मग त्यानं भिंतीवर डोकं आपटलं.

म्हणजे धाकटी उघडी ती उघडीच. इंटरनेटवरच्या तिच्या जागेचं भाडं पाच वर्षांचं आधीच भरलेलं. मालकीणच बाहेर. कुणाचं खातं बंद करता येईना, जाहिरात घालता येईना, कुणाची नक्कल करून स्वतःचा माल पुढं ढकलता येईना. लोकांना आधी लाज वाटली म्हणून त्यांनी एकेक वस्तू टाकली. मग कळलं, इथून आपल्याला कुणी हाकलूच शकत नाही! तेव्हा धाडधाड यायला लागले. अर्थात घाणही आली. एकानं टाकलं, "मेहुणा, वापरलेला, चालू स्थितीत." ते दुसऱ्या कुणालाच काढता येईना. शेवटी मेहुण्यानं त्याला घरी जाऊन बडवला आणि त्याच्याच हातानं काढायला लावलं.

तीच पद्धत पडली. धाकटीवर फसवलं की गिऱ्हाईक दारात उभं. दिवेवाल्यानं तडकलेला दिवा विकला तर घेणाऱ्या बाई सळई घेऊन आल्या. त्यानं मुकाट्यानं नवा दिला आणि वर सरबत पाजलं. काकूनं गळकं मडकं दिलं तर ते तिच्याच डोक्यावर फुटलं. तेव्हापासून काकू प्रत्येक मडक्यात पाणी भरून रात्रभर ठेवते. थोरलीला हे जमणारच नाही. तिच्या थोबाडीत मारायची म्हटली तर थोबाड कुठं आहे?

थोरली संपली का? छे. जगात तिचं नखही तुटलं नाही. पण आमच्या गावात वर्षाअखेर नऊशे दुकानं धाकटीवर होती, आणि सुतार खोकी नाही, स्टुलं चिकटवत होता.

तेव्हा थोरलीचा माणूस आला. इतका गुळगुळीत की स्टुलावरून घसरेल असं वाटावं. म्हणाला, "आम्ही धाकटी घेतो. तुमच्या सात पिढ्या बसून खातील."

ठेंगू म्हणाली, "देता येत नाही. मलाच आत जाता येत नाही."

"फोन कुठाय?"

"पोलिसांत. चुरा झालाय."

"चिप शाबूत असली की पुरे. आमच्याकडे माणसं आहेत." मग त्याच्या वकिलानं धावपळ केली, दिवेवाल्यानं पोलिसांत लिहून दिलं की दात पायरीवर पडून गेले, आणि आठवड्यात मी, ठोकळा आणि पोतं कारखान्यात परत आलो.

ठेंगूनं टेबलावर पोतं उलटं केलं आणि आपल्या फोनाचे तुकडे वेचले. चिप सापडली. नखाएवढी. शाबूत. खरं सांगतो, मला माझ्या कामाची लाज वाटली.

गुळगुळीत माणसानं टेबलावर हात टेकला. "सांभाळून हं. मला द्या."

ठेंगूनं बापाकडं बघितलं. "बाबा, सात पिढ्या म्हणतायत."

सुतार लाकूड घासत होता, थांबला नाही. "तुझं तू बघ. बोटं तुझी गेली."

तिनं मला डाव्या हातानं उचललं. उजवी तीन बोटं अजून वळत नाहीत. पहिला घाव चुकला. डावा हात, सवय नाही. तो त्या माणसाच्या करंगळीवर बसला. दुसरा चुकला नाही. चिपेचं पीठ झालं.

तो किंचाळत होता, सुतार म्हणाला, "अगं, बर्फ आण त्यांना," आणि मग त्यानं पिठावर फुंकर मारली.

तर त्या करंगळीच्या तक्रारीवरून मी आता पुन्हा मुद्देमालात आहे. दांडा सैल झालाय. धाकटीच्या जागेचं भाडंही साडेतीन वर्षांनी संपणार, आणि पुढचं भरायला कोड लागतो. परवा ठेंगू जबाब द्यायला आली होती. पोलिसानं तिला तेच विचारलं, मग काय करणार? म्हणाली, "तिसरी काढू. लोकांना एकमेकांची दारं माहीत झालीत."

काढेल ती. माझा विश्वास आहे. माझी विनंती फक्त एवढीच, पत्ता लिहून ठेवा. कारण तिसरीही कधीतरी मोठी होईल, चाव्या कमरेला लावेल, तुमच्या स्टुलाकडं टक लावून बघायला लागेल. त्या दिवशी शोधाशोध नको.

मुद्देमालाची खोली, दुसरी फळी, उजवीकडून तिसरी पिशवी. आणि येताना थोडं पाणी आणा. दांडा भिजवला की फुगतो, मग मी पुन्हा घट्ट बसतो.